कतरनीचा हिशेब

(सीताबर्डी, नागपूर येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हाताने काम करणाऱ्या माणसाच्या बुद्धीला कायम मान दिला. त्यांच्या नावाने बोलायला उभे राहायचे तर विषयही कारागिराच्या हातातलाच असावा, असे मला वाटले. म्हणून आज मी पत्र्याविषयी बोलणार आहे. पत्रा कापणे, वाकवणे, दाबणे, ओढून भांड्यासारखा खोल करणे, या सगळ्या कामांचा आपल्या हवा-पाण्यावर आणि जमिनीवर काय भार पडतो, आणि तो कमी करणे कोणाच्या हाती आहे, एवढाच माझा विषय आहे.

पर्यावरणाची चर्चा आपल्याकडे धुराडे दिसले की सुरू होते. कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी लांबून दिसतात, म्हणून कोराडीबद्दल सगळे बोलतात, आणि बोललेच पाहिजे. पण पत्र्याच्या दुकानाला धुराडे नसते. तिथे आवाज असतो, तेलाचा वास असतो, कोपऱ्यात कापलेल्या पत्र्याचा ढीग असतो. त्यामुळे हे काम आपल्याला स्वच्छ वाटते. लोहाओळीत पत्रा विकत घेणारा, हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे मडगार्ड दाबणारा, बर्डीवर स्टीलचा डबा घेणारी गृहिणी, यांच्यापैकी कोणालाही आपला प्रदूषणाशी काही संबंध असेल असे वाटत नाही. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पत्र्याच्या कामातले सर्वांत मोठे प्रदूषण म्हणजे वाया गेलेला पत्रा. तो दोन रीतींनी वाया जातो. एक, कापताना उरणारी कतरन म्हणून. दुसरी, वस्तू लवकर गंजून भंगारात जाते तेव्हा. बाकीचे दोष खरे आहेत, काही तर विषारी आहेत, त्यांच्याबद्दलही मी बोलणार आहे. पण मूळ हिशेब पत्र्याचा आहे.

नागपुरात पत्र्याचे काम म्हटले की आधी कूलर आठवतो. २०१३च्या मे महिन्यात या शहरात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा गावात कूलर ही चैन नाही. फेब्रुवारी सरत आला की पत्र्याची दुकाने जागी होतात. जस्त चढवलेला, ज्याला आपण जीआय म्हणतो तो आठ बाय चार फुटांचा पत्रा जमिनीवर पसरतात. कारागीर गुण्या धरतो, टोकदार सळईने आखणी करतो. मग कात्रीवर पत्रा कापला जातो, फोल्डिंग मशीनवर कडा मोडतात, प्रेसवर झरोके पाडतात, कोपरे रिव्हेटने किंवा स्पॉट वेल्डिंगने जोडतात. तीन बाजूंना ताट्या, समोर पंखा, खाली पाण्याची टाकी. सुटे भाग मांडून ठेवले की दिवसभरात किती कूलर उभे राहतील हे कारागीर नुसत्या नजरेने सांगतो.

आता त्या एका पत्र्याकडे जरा जवळून पाहू. जाडी ०.६ मिलिमीटर धरली तर आठ बाय चारचा पत्रा साधारण १४ किलो भरतो. जगभरातली रीत पाहिली तर खनिजापासून एक टन पोलाद करायला सुमारे १.४ टन लोहखनिज, ०.८ टन कोळसा आणि पाव टनाहून थोडी जास्त चुनखडी लागते. म्हणजे या एका पत्र्यामागे जवळपास २० किलो खनिज आणि ११ किलो कोळसा उभा आहे. भारतात एक टन कच्चे पोलाद तयार होताना सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. आपण अजून कोळशावर फार अवलंबून आहोत, कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या भट्ट्या आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हा फरक पडतो. तेव्हा १४ किलोच्या पत्र्यामागे किमान ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. सोयीसाठी पुढे त्याला नुसते कार्बन म्हणतो. तो लाटण्याचा आणि जस्त चढवण्याचा भार वेगळा.

एका कूलरला असे दोन पत्रे लागतात असे धरू. झाले ७० किलो. आता तो कापायला, मोडायला, जोडायला वीज किती लागली? एक युनिट धरले तरी पुष्कळ झाले. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन पडतो. एकीकडे ७० किलो आणि दुसरीकडे पाऊण किलोही नाही. शंभरास एक, असे हे प्रमाण आहे.

हा केवळ माझा अंदाज नाही. अमेरिकेत डॅनियल कूपर, टिमथी गुटोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रेसवर पत्र्याचे भाग पाडण्याच्या कामाचा पर्यावरणाच्या आणि खर्चाच्या अंगाने अभ्यास केला. प्रेसची वीज त्यात किरकोळ ठरली. भार होता तो पत्रा तयार करण्याचा. मोजकेच नग काढायचे असतील तर त्यासाठी बनवलेल्या जड डायचाही, म्हणजे साच्याचाही, भार मोठा होतो, हेही त्यांनी दाखवले. म्हणून थोड्या नगांसाठी मोठी डाय न बनवता साध्या मोड-मशीनवर काम उरकणारा आपला लहान कारागीर मागासलेला आहे असे कोणी म्हणू नये. त्याच्या कामाच्या आकाराला तीच पद्धत शोभते.

केंब्रिज विद्यापीठाचे ज्युलियन ऑलवूड आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे हाच प्रश्न धरून बसले आहेत. जगात जेवढे पोलाद वितळवले जाते, त्यातले सुमारे एक चतुर्थांश कोणत्याही वस्तूत पोचतच नाही. कारखान्यातच ते भंगार होते. ॲल्युमिनियममध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर आहे. फिलिपा हॉर्टन आणि ऑलवूड यांनी २०१७मध्ये मोटारींच्या पत्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा विकत घेतलेल्या पत्र्यापैकी सरासरी ४४ टक्के पत्रा गाडीला लागतच नाही असे दिसले. मोठमोठ्या कंपन्या, संगणक, रोबो असे सगळे असून जवळपास निम्मा पत्रा कतरनीत जातो. कारण सोपे आहे. भागाचा आकार ठरवणारा माणूस एका इमारतीत बसतो आणि पत्रा कापणारा दुसऱ्या. आकार ठरवताना कतरन किती निघेल हे कोणी विचारत नाही, आणि कापायची वेळ येते तेव्हा आकार बदलायचा अधिकार कोणाला नसतो.

भांड्यांच्या धंद्यात हीच गोष्ट डोळ्यांसमोर दिसते. स्टीलचा डबा किंवा पातेले करायचे तर आधी पत्र्यातून गोल चकती काढावी लागते. धंद्यात तिला सर्कल म्हणतात. चौकोनात बसणारे मोठ्यात मोठे सर्कल काढले तरी चार कोपरे उरतात. चौकोनाचे २१.५ टक्के क्षेत्र त्या चार कोपऱ्यांत जाते. ओळीने सर्कल काढत गेलो तर हा तोटा ठरलेलाच. पण दुसरी ओळ अर्ध्या सर्कलने सरकवली, म्हणजे दोन सर्कलच्या मधल्या खाचेत पुढच्या ओळीचे सर्कल बसवले, की रुंद पत्र्यावर हा तोटा नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो. कडांचा थोडा वेगळा. त्यासाठी नवे मशीन घ्यावे लागत नाही, पत्रा पुढे सरकवण्याची शिस्त बदलावी लागते. जाणते कारखानदार ते करतातही. उरलेल्या कोपऱ्यांतून चमचे, छोट्या वाट्या, वॉशर काढतात. ही हुशारी सर्रास व्हायला हवी.

पुढे डाय आणि पंच येतात. सर्कलच्या कडा दाबून धरायच्या आणि मधला भाग पंचने खाली ओढायचा. पत्रा एका दमात फार खोल जात नाही. सर्कलचा व्यास पंचाच्या साधारण दुपटीपर्यंत असेल तर काम साधते, त्याहून मोठा घेतला की तळाशी फाटतो. म्हणून खोल भांडे दोन-तीन टप्प्यांत ओढतात. प्रत्येक ओढीत स्टील कडक होते, मग ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करावे लागते. तिथे इंधन जाते. शेवटी वरची कड वाकडीतिकडी येते, ती छाटावी लागते, पुन्हा कतरन. एखादा नग फाटला तर त्याच्यामागे लागलेले सगळे इंधन, तेल, मजुरी आणि मूळचा पत्रा एका क्षणात भंगार होतो. वरवर दर्जाचा वाटणारा हा प्रश्न असा पर्यावरणाचाही असतो. ज्या कारखान्यात नग कमी फाटतात, तो कारखाना कोळसा कमी जाळतो, भले तिथे कोळशाचा एक खडाही नसेल.

इथे नेहमी एक शंका विचारली जाते. कतरन काही कचऱ्यात जात नाही, भंगारवाला ती मोजून पैसे देऊन नेतो, ती वितळते, पुन्हा लोखंड होते, मग बिघडले काय? शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर दिले पाहिजे. भंगार वितळवणे हे खनिजापासून लोखंड काढण्यापेक्षा कितीतरी चांगले आहे. आपल्याकडचे भंगारवाले आणि जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्या देशाचे मोठे काम करतात, याबद्दल दुमत नाही. पण एक टन भंगार इंडक्शन भट्टीत वितळवायला साधारण ५०० ते ६५० युनिटे वीज लागते, आणि आपल्याकडे ती मुख्यतः कोळशाचीच. वितळताना काही लोखंड जळून जाते. जीआय पत्र्यावरचे जस्त वाफ होऊन धुळीत जाते, आणि ती धूळ घातक कचऱ्यात मोडते.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. भंगारात तांब्याची तार, मोटारचे तुकडे असे काही ना काही मिसळलेले असते. वितळलेल्या पोलादातून तांबे काढून टाकण्याची व्यवहारात परवडेल अशी रीत आजही हाती नाही. सळईत थोडे तांबे चालते, खोल ओढायच्या पत्र्यात चालत नाही. त्यामुळे उत्तम प्रतीची कतरनही मिसळ भंगारात पडली की तिची सळई होते. पत्र्याची सळई होते, सळईचा पत्रा सहसा होत नाही. तसा पत्रा करायला पुन्हा खाणीतलेच खनिज लागते. म्हणून कतरन विकून आलेल्या पैशावर समाधान मानू नये. ती वेगळी, स्वच्छ, प्रतीप्रमाणे ठेवली तर तिचे मोल टिकते. ती निघालीच नाही तर त्याहून चांगले.

आता हे विदर्भात का बोलायचे? मुंबईत किंवा युरोपात पत्रा वाया गेला तर त्याची खाण आणि त्याची राख दूर कुठेतरी असते. आपली तशी सोय नाही. साखळीतल्या बहुतेक कड्या आपल्या अंगणात आहेत. लोहखनिज गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून येते. पोलादाला लागणारे मँगनीज नागपूर, भंडारा आणि बालाघाटच्या पट्ट्यातून निघते, आणि ते काढणाऱ्या मॉयलचे मुख्यालय याच शहरात आहे. घुग्घूसला स्पंज आयर्न होते, वर्ध्याजवळ भुगावला पोलादाचा कारखाना आहे, कळमेश्वरला जस्त आणि रंग चढवलेला पत्रा तयार होतो. कोळसा उमरेड, वणी, चंद्रपूरचा. वीज कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरची. पोलादाच्या भट्टीला लागणारा कोकिंग कोळसा बहुतांशी परदेशातून येतो हे खरे, पण विजेच्या कोळशाची राख इथेच राहते. २०२२च्या जुलैमध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचा गाळ नाल्यांत, शेतांत पसरला, हे आपण विसरलेलो नाही. सुरजागडच्या खनिजाच्या ट्रकांची धूळ आलापल्ली-अहेरीच्या रस्त्याकाठच्या गावांनी सोसली आहे. या शहरातल्या एखाद्या शेडमध्ये वाचलेला किलोभर पत्रा त्या साखळीवरचा तेवढा भार उतरवतो. कतरनीचा हिशेब आपल्यासाठी म्हणूनच जवळच्या माणसांचा हिशेब आहे.

आता तेल आणि ॲसिड. यांचे वजन थोडे, पण विष जास्त. पत्रा डायमध्ये घसरावा म्हणून त्याला तेल लावतात. स्टेनलेस स्टील डायला चिकटते, म्हणून त्यासाठी जास्त दाब सोसणारे तेल लागते, आणि अशा तेलांत क्लोरिनेटेड पॅराफिन घालण्याची जुनी रीत आहे. यातल्या आखूड साखळीच्या पॅराफिनवर स्टॉकहोम कराराने २०१७मध्ये बंदीची मोहोर उमटवली आणि २०२५मध्ये मध्यम साखळीची पॅराफिनेही यादीत घेतली. ही द्रव्ये निसर्गात लवकर विरत नाहीत, मासे आणि माणसाच्या चरबीत साठतात. असे तेल लागलेली कतरन तशीच भट्टीत गेली तर क्लोरीनमुळे डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्ये तयार होऊ शकतात. आपण वापरतो त्या पिंपात काय आहे हे प्रत्येक कारखानदाराने विकणाऱ्याला लेखी विचारले पाहिजे. क्लोरीन नसलेली आणि पाण्यात मिसळणारी तेले बाजारात मिळतात.

तेल काढायला पुढे धुणे येते. कॉस्टिकचे गरम पाणी, काही ठिकाणी ट्रायक्लोरोइथिलीन. भट्टीतून आलेली काळी पुटे काढायला ॲसिड, आणि स्टेनलेससाठी नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक. रंगाआधी फॉस्फेट. हे पाणी प्रक्रिया न करता नालीत सोडले तर ते कुठे जाते? नागपूरच्या नाल्या नाग आणि पिली नदीला मिळतात. नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण. म्हणजे आपल्या शेडच्या मागे ओतलेले तेल पवनीच्या बाजूच्या शेतकऱ्याच्या आणि ढिवराच्या पाण्यात जाते. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल आणि प्रक्रियेचा गाळ परवानाधारकाकडेच गेला पाहिजे. बुटीबोरीला सांडपाण्याचे सामाईक प्रक्रिया केंद्र आहे, घातक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोयही आहे. मोठा कारखाना तिथपर्यंत पोचतो. महिन्याला पाच-दहा लिटर तेल काढणारा लहान दुकानदार पोचत नाही, कारण एवढ्याशा तेलासाठी गाडी कोण पाठवणार? हा दोष त्या दुकानदाराच्या नीतीचा नाही. ती व्यवस्थेतली पोकळी आहे, आणि ती भरून काढणे शक्य आहे. गल्लीगल्लीतून ठरल्या दिवशी तेल गोळा करणारी एक गाडी फिरली तर पुरे.

पर्यावरण म्हणताना आपण नदी आणि झाडे मोजतो. कामगार ज्या शेडमध्ये आठ तास उभा असतो, तिथली हवा आणि तिथला आवाज हेही त्याचे पर्यावरणच आहे. प्रेसचा ठोका कान निकामी करतो, तोही हळूहळू, कळू न देता. भांड्याला चकाकी आणणाऱ्या बफिंगची बारीक धूळ छातीत जाते. आणि पॉवर प्रेसने किती बोटे नेली आहेत, हे या धंद्यात कोणालाही विचारा. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस चालूच होऊ नये, ही सोय जुनी आणि स्वस्त आहे. ती नसलेल्या प्रेसवर काम घेणे थांबले पाहिजे.

विजेबद्दलही थोडे सांगतो. तिचा वाटा लहान असला तरी तो खिशातून जातो. साधी हायड्रॉलिक प्रेस काम नसतानाही पंप फिरवत राहते. जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद केली तर ती वीज वाचते. हवेच्या नळ्यांमधून फुसफुस आवाज येत असेल तर कॉम्प्रेसरची वीज फुकट चालली आहे असे समजावे. नवी प्रेस घ्यायची असेल तर सर्वो मोटरची पाहावी, ती हवी तेव्हाच शक्ती घेते.

आता दुसरी नासाडी, वस्तूच्या आयुष्याची. कूलर वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. घरचा कूलर २०० वॅटच्या आसपास वीज घेतो, दीड टनी एसी १५०० वॅटपर्यंत जातो. कोरड्या हवेच्या विदर्भात कूलर हे शहाणपणाचे यंत्र आहे, म्हणूनच ते टिकाऊ व्हायला हवे. टाकी गंजते तेव्हा नेमके काय घडते? पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. दिवसामागून दिवस टाकीतले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. पाण्याच्या रेषेवर पांढरी पुटे धरतात. जस्ताचा थर आधी तिथेच संपतो, मग तांबडे डाग पडतात, आणि एखाद्या मोसमात टाकी गळू लागते.

जस्ताचा थर किती जाड आहे यावर हे आयुष्य ठरते. १२० ग्रॅमचा पत्रा म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. दर बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन थर. २७५ ग्रॅमचा पत्रा घेतला तर हाच थर १९ मायक्रॉन होतो, दुपटीहून अधिक. जस्त कमी होण्याचा वेग तोच राहतो, म्हणून टाकीचे आयुष्यही साधारण त्याच पटीत वाढते. त्यासाठी आठ बाय चारच्या पत्र्यावर जास्तीचे जस्त किती लागले? अर्धा किलोसुद्धा नाही. त्या अर्ध्या किलोमुळे १४ किलोचा पत्रा आणखी कित्येक उन्हाळे काढतो. पत्र्याच्या कामात याहून स्वस्त पर्यावरणरक्षण मला माहीत नाही. पण गिऱ्हाईक दुकानात गेले की पंख्याचा वारा पाहते, रंग पाहते, किंमत करते. पत्रा किती ग्रॅमचा, हे विचारत नाही. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून बनवणारा पातळ पत्रा वापरतो, टाकी गळते, मग लोक पत्र्याला नावे ठेवून प्लास्टिकचा कूलर घेतात, आणि काही उन्हाळ्यांत तोही तडकतो.

आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात भांडे मोडीत निघायला पिढी जात असे. भंडाऱ्याच्या पितळेची भांडी पिढ्यान्‌पिढ्या कल्हई करून वापरली, फुटले तर डाग दिला, शेवटी मोडीत घालून नवे घेतले. त्या व्यवहारात टिकाऊपणाची किंमत घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ती जाण आजही परत आणता येईल, वस्तू नवी असली तरी.

तर काय करावे? चार गोष्टी मागतो.

पहिली मागणी कारखानदार आणि कारागिरांकडे. दुकानात एक वही ठेवा. किती किलो पत्रा आला, किती किलो माल गेला, किती किलो कतरन विकली, रोज लिहा. जे मोजले जात नाही ते कमी होत नाही. आठ बाय चारच्या ठरीव पत्र्यात आपले माप बसत नसेल तर कॉइलमधून हव्या लांबीचा पत्रा कापून मागवा. आखणी बसवून देणारी संगणकाची साधने आता लहान दुकानालाही परवडतात. एक किलो कतरन वाचली की अडीच किलो कार्बन वाचतो, म्हणजे अख्खा कूलर घडवायला लागलेल्या विजेच्या तिपटीहून जास्त.

दुसरी मागणी शिक्षणसंस्थांकडे. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्करचा अभ्यासक्रम आहे, पॉलिटेक्निक आहेत, व्हीएनआयटी आहे. विद्यार्थ्याने भाग नीट बनवला की आपण गुण देतो. त्या भागासाठी त्याने किती पत्रा वापरला याला वेगळे गुण द्या. या शहराइतकी अनुकूल जागा दुसरी क्वचितच असेल. १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था इथे आहे. वाडीला १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. ॲल्युमिनियम, ज्याला आपल्या घरांत जर्मन म्हणतात, खनिजापासून काढायला किलोमागे सुमारे १४ युनिटे नुसत्या भट्टीत लागतात, आणि भंगारापासून काढायला एकूण ऊर्जेच्या जेमतेम पाच टक्के. त्या धातूची कतरन वाचवणे तर आणखी मोलाचे. या संस्थांनी महिन्यातून एक दिवस लहान शेडमध्ये घालवावा, अशी माझी विनंती आहे.

तिसरी मागणी शासनाकडे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असलेल्या पोलादाला तारांकन मिळते, १.६च्या खाली गेल्यास पाच तारे. युरोपने पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या आयातीवर कार्बन शुल्क १ जानेवारी २०२६ पासून लागू केले आहे. म्हणजे हा हिशेब लवकरच निर्यातदाराच्या बिलात दिसणार आहे. मग सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांच्या खरेदीत कूलर, कपाटे, टाक्या घेताना पत्र्याची जाडी आणि जस्ताचे वजन निविदेत लिहायला काय हरकत आहे? मानके तयार आहेत. जस्ताच्या पत्र्यासाठी आयएस २७७ आहे, कूलरसाठी आयएस ३३१५ आहे. आणि लहान दुकानांचे तेल गोळा करण्याची सोय एमआयडीसी आणि महापालिकेने मिळून करावी.

चौथी मागणी आपल्या सगळ्यांकडे, गिऱ्हाईक म्हणून. कूलर घेताना पत्रा किती ग्रॅमचा, हा प्रश्न विचारा, आणि जाड जस्तासाठी चार पैसे जास्त द्या. टाकीतले पाणी अधूनमधून पूर्ण बदला. मृग बरसला की टाकी रिकामी करून, पुसून, वाळवून ठेवा. त्याने पत्रा वाचतो आणि डेंग्यूचा डासही होत नाही. गळायला लागली तर आधी दुरुस्त करणारा शोधा. डाग देणारा कारागीर जगला तर वस्तू जगतात.

या चारही गोष्टींत एकही अशी नाही की जिला नवा शोध लागायला हवा. वजनकाटा दुकानात आहे, वही दहा रुपयांत मिळते, मानके छापलेली आहेत, संस्था गावात आहेत. यंदाच्या हंगामात या शहरातल्या दहा शेडनी जरी कतरनीची वही ठेवली आणि पुढच्या वर्षी ते आकडे याच व्यासपीठावरून वाचून दाखवले, तर नागपूरला स्वतःचा पुरावा मिळेल आणि तो इतरांनाही पटेल. त्या आकड्यांसाठी संयोजकांनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात अर्धा तास राखून ठेवावा, आणि ते वाचायला कारागिरालाच बोलवावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.